पावणेतीन रवे

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त असतो. आमचे हे तिथल्या एका अडत दुकानात हिशेबाला आहेत, त्यामुळे दरवर्षी पूजेला आम्ही झाडून सगळे हजर. गेल्या पाडव्याला पूजा झाली, पेढे वाटून झाले आणि धाकटा जाऊन मोठ्या काट्यावर उभा राहिला. ३१ किलो. थोरली चढली, ४३. मग दोघंही माझ्याकडं बघून ओरडायला लागली, आई, आता तू. जरीची साडी, हातात पर्स, अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं, अशी मी चढले. काट्याजवळ उभ्या असलेल्या हमालानं आकडा बघितला आणि सवयीनं मोठ्यानं सांगितला, "वहिनी, पावणेतीन रवं!"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दिवसभर तो तेच तर करतो. गुळाचा मोठा रवा, म्हणजे ढेप, ३० किलोचा, आणि काट्यावर आकडा होता ८२.५. म्हणजे हिशेबही त्यानं चोख केला होता. मी पर्स ह्यांच्या हातात देऊन परत उभी राहिले. काट्यानं दाद दिली नाही.

खरं सांगायचं तर मला धक्का वगैरे बसला नाही. अंदाज होताच. पूर्वी साडीला सात निऱ्या यायच्या, आता पाचवर भागत होतं. ब्लाउजच्या आत टेलर उसवायला म्हणून तीन शिलाया राखून ठेवतो, त्यातली पहिली थोरलीच्या वेळी उसवली, दुसरी धाकट्याच्या वेळी, आणि तिसरी पतसंस्थेत मला खिडकीवरून उचलून आतल्या टेबलावर बसवलं तेव्हा. चौथी शिलाई नसतेच. त्या बढतीच्या आधी मी निदान काउंटर ते तिजोरी अशी ये-जा तरी करायची. आता फाइलीसुद्धा शिपाई आणून देतो.

दिवाळीनंतर रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. आमचे डॉक्टर फार बोलत नाहीत. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची जागा, आत गेला नाहीत पण दार उघडं आहे, एवढंच म्हणाले. मग टेप काढून कंबर मोजली. आपल्याकडच्या बायकांनी कंबर ८० सेंटीमीटरच्या आत ठेवावी म्हणतात. माझा आकडा मी इथं लिहीत नाही, वजन सांगितलंय तेवढं पुरे. "सगळं उतरवायच्या मागं लागू नका," ते म्हणाले, "आहे त्यातलं पाच-सात टक्के गेलं तरी साखरेला फरक पडतो." मी मनातल्या मनात हिशेब केला, चार ते सहा किलो. म्हणजे रव्याचा पाचवा हिस्सासुद्धा फार झाला. एवढं तर कुणीही करेल.

आणि तिथंच मी चुकले, कारण कुणीही करेल असं काम मी कुणीतरी भलतंच असल्यासारखं करायला घेतलं. घराजवळच्या एका जिममध्ये एकदम सहा महिन्यांचे पैसे भरले. नवे बूट, नवा टी-शर्ट, पाण्याची उभी बाटली. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी धाकट्याला ताप आला, मग थोरलीची चाचणी, मग ह्यांच्याकडं गुळाचा हंगाम जोरात सुरू झाला आणि ते रात्री नऊशिवाय घरी येईनात. मधल्या काळात गुडघा धरला. त्या पोरसवदा ट्रेनरनं पहिल्याच दिवशी मला खोक्यावर उड्या मारायला लावल्या होत्या. ८२ किलोची बाई उडी मारते तेव्हा ती उतरतेसुद्धा, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. पैसे परत मिळाले नाहीत. बाटली धाकटा शाळेत नेतो.

"स्वतःसाठी वेळ काढा" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. वेळ काय पिंपातलं पाणी आहे का, तांब्या बुडवला की निघालं? आमच्या घरात नळाचं पाणी पहाटे येतं, ते भरायचं. सात वाजता शाळेची व्हॅन, त्याआधी दोन डबे आणि एक वेणी. पावणेदहाला मी गाडीवर. संध्याकाळी सहानंतर घरची दुसरी पाळी. यातला वेळ काढायचा म्हणजे तो कुणाच्या तरी वाट्यातून काढायचा, आणि ज्याच्या वाट्यातून काढाल तो गप्प बसत नाही. शेवटी पाणी भरायचं काम मी ह्यांच्याकडं सोपवलं. पहिल्या आठवड्यात गच्चीवरची टाकी तीनदा भरून वाहिली आणि शेजारच्या काकूंनी तिन्ही वेळा मलाच हाक मारली.

पण पुढचं जे झालं ते घरातल्या घरात झालं, आणि मामांमुळं झालं.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, सासूला आत्ती. मामा आता ७६ वर्षांचे आहेत. तरुणपणी गंगावेस तालमीत होते, मग शाहू मिलमध्ये नोकरी. त्यांचे कान अजून पैलवानाचे आहेत, मोडलेले, फुगलेले. धाकटा लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून ते कान चाचपत झोपायचा. गुडघे मात्र गेलेत, साखरही आहे. दिवसभर सोप्यातल्या आरामखुर्चीत बसून असतात आणि घरातल्या प्रत्येक हालचालीवर त्यांची नजर असते.

एक दिवस पहाटे मी देवघराच्या चौकटीला धरून मोबाइलमध्ये बघत उठबस करत होते.

"काय करालीस गं?"

"बैठका काढते मामा."

"ह्या बैठका?" ते खरोखर दुखावले होते. "ह्या उठाबशा झाल्या. शाळंत शिक्षा झाल्यागत."

मग त्यांनी मला स्टूल आणायला लावलं. पैलवानाची बैठक टाच उचलून असते, ती तुला झेपायची न्हाई, तू टाच जमिनीला चिकटवून ठेव. स्टूल मागं. बूड मागं ने, खुर्चीवर बसाय जातीस तसं. टेकलं न टेकलं की उठायचं. किती काढू, विचारलं. "पाच."

"फक्त पाच?"

"पाच काढून बघ आधी."

पाचव्याला मांड्या थरथरायला लागल्या. मामांनी ते बघितलं आणि बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात सात झाल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात सातच, कारण मी दोन दिवस चुकवले होते आणि मामांकडं खाडे धरले जातात. जोर मात्र जमिनीवर जमेनात. मग त्यांनीच सुचवलं, ओट्याला हात टेकून तिरकी हो. आता कुकर लावला की तिसरी शिट्टी होईपर्यंत जेवढे होतील तेवढे ओट्यावरचे जोर काढते. डाळीला वेळ लागतो त्या दिवशी जास्त होतात.

या काळात मामांनी तालमीचं जेवढं सांगितलं, तेवढं गेल्या सोळा वर्षांत सांगितलं नव्हतं. तालीम माहेरच्या गल्लीतही होती, सासरच्याही आहे, पण बायका तिच्या दारावरून पुढं जातात. आज पोरी कुस्ती खेळतात, आमच्या वेळी नव्हतं तसं. हौदातल्या लाल मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात हे मला ऐकून माहीत होतं. ती माती रोज फावड्यानं उकरून वरखाली करणं हीच अर्धी मेहनत, हे माहीत नव्हतं. पहाटे चारला उठायचं. जोर, बैठका, दोर चढणं, मग लढती. त्यानंतर खुराक. कुंडीत सोट्यानं बदाम, खसखस, बडीशेप, मिरी रगडून केलेली थंडाई, तूप, दूध, आणि संध्याकाळी मटण. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं त्याच्याही आधीपासूनची ही रीत, आणि शहराच्या जिभेला तीच लागली. तांबडा-पांढरा रस्सा हे पैलवानाच्या ताटातलं जेवण आम्ही सगळ्यांनीच घेतलं, मेहनत तेवढी तालमीत ठेवून आलो.

"मेहनत एका दिवसात सुटती," मामा म्हणाले. "लग्न झालं, मिलात लागलो, दुसऱ्या दिवशी पहाटंचं उठणं बंद. पर भूक सुटाय मला वीस वर्सं लागली. तवर साखर लागलीवती."

मी कधी पैलवान नव्हते. पण थोरली पाच वर्षांची होईपर्यंत मी तिच्यामागं धावायची, काखेत धाकटा, हातात घास. ती मेहनतच होती. मुलं मोठी झाली, आपापली जेवायला लागली, धावणं संपलं. घास मात्र माझ्या हातात तसाच राहिला, आणि तो मी माझ्याच तोंडात घालत आले. उष्टं टाकवत नाही ना. मोरीपाशी उभं राहून अर्धी चपाती, भाताचे चार घास, दुधात बुडून मऊ झालेलं बिस्किट. ते जेवणात धरलंच जात नाही.

थोरली फुटबॉल खेळते. कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको, इथं गल्लीगल्लीच्या तालीम मंडळांचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धं शहर भांडायला तयार. तिचा सराव सोमवार, बुधवार, शुक्रवारी सहा ते सात. मी पतसंस्थेतून थेट मैदानावर जायची आणि पायऱ्यांवर बसायची. बाकीचे आईबापही तिथंच. एकदा सहज मोजले, एकोणीस जण होतो. एकोणीस मोठी माणसं आपल्या पोरांच्या तब्येतीसाठी बूड न हलवता तासभर बसलेली, निम्म्यांच्या हातात भेळ, सगळ्यांच्या हातात मोबाइल. आत पोरं घामाघूम.

त्या दिवशी उठले आणि मैदानाच्या कडेनं चालायला लागले. पायात ऑफिसच्या चपला, खांद्याला पर्स, गळ्यात ओढणी. तिसऱ्या फेरीला थोरली धावत कडेला आली.

"आई, नको ना चालूस. सगळी बघालेत."

"बघू देत की."

"तू पर्स घेऊन चाललीस!"

मुद्दा बरोबर होता. पुढच्या वेळी पर्स डिकीत ठेवली आणि त्या जिमच्या वेळचे बूट आठ महिन्यांची धूळ झाडल्यासारखे बाहेर काढले. (झाले होते दोनच महिने, पण बूट मला तसे बघत होते.) एका फेरीला पाच मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात चार फेऱ्या, मग सहा, मग नऊ. एकदा बॉल येऊन पाठीत बसला, बहुतेक चुकून. महिन्याभरानं दुसरी एक आई सोबत चालायला लागली. ती माझ्यापेक्षा भरभर चालते, कारण ती सासूविषयी बोलत चालते.

थोरली अजून लाजते. पण घरी आल्यावर दारातून ओरडते, "आज्जी, आम्ही आलो!" इथल्या पोरी आलो-गेलोच म्हणतात, त्यात नवल नाही. मला त्यातलं आम्ही ऐकू येतं.

आता हिशेब. ती माझी खोड आहे, दिवसभर व्याज काढण्यात जातो.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. माझ्या वजनाच्या बाईनं अर्धा तास झपाझप चाललं की दीडशेच्या आसपास जळतात. भागाकार केला तर खाणं तसंच ठेवून, नुसतं चालून एक किलो उतरायला पन्नासेक दिवस. हे उत्तर आलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर परत तपासला. दुसऱ्या बाजूला, एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, साखरेत ४. रविवारच्या तांबड्यावर तर्रीचा एक डाव घेतला तर वीस ग्रॅम तेल कुठंच जात नाही. म्हणजे बुधवारची जवळजवळ पुरी संध्याकाळ, ती चालणारी मैत्रीण आणि तिची सासू, सगळं त्या एका डावात बुडालं.

मग चालायचं कशाला, हा प्रश्न मीही विचारला. डॉक्टरांचं म्हणणं, वजन ताटावर उतरतं, साखर पायांवर. पायांचे स्नायू काम करायला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, वजन हललं नाही तरी. आणि नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर मांसही झडतं, म्हणून बैठका. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "डाक्टर हुशार हाय की."

ताटात फार क्रांती केली नाही. एका आहारवाल्या बाईंनी सुरुवातीला सांगितलेलं क्विनोआ आणि उकडलेली ब्रोकोली आत्तींनी एकदाच बघितली आणि विचारलं, हे कुणाला घालायचं. रविवारचं मटण आहे. कट आधी काढून बाजूला ठेवते, ज्याला हवा त्यानं घ्यावा. पांढरा रस्सा एक वाटी, कारण त्यात नारळाचं दूध, काजू आणि खसखस असते आणि तो दिसतो तेवढा साधा नाही. आधी मोड आलेली मटकी आणि काकडी, मग भाकरी, भात शेवटी असलाच तर. मुलांना पहिल्यांदा कमी वाढते, म्हणजे उरत नाही. खरी लढाई झाली चहावर. गुळाच्या घरात गूळ हे औषध मानतात, गुळाचा चहा कितीही प्या. मी एकदा जेवताना म्हणाले, की गुळात आणि साखरेत कॅलरी जवळजवळ सारख्याच असतात. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी दुकानाच्या वहीतच खाडाखोड केली. पाच कपांचे दोन केले. हे स्वतः पाचच पितात आणि पाडव्याला काट्यावर चढत नाहीत.

आमच्या पतसंस्थेत एक भाजीवाली पिग्मी भरते. रोज वीस रुपये. एजंट तिच्या पाटीपाशी जाऊन घेतो. एकरकमी दोन हजारांची ठेव ठेव म्हटलं तर तिला कधी जमणार नाही. वर्षाला सात हजार तीनशे जमतात. मी पंधरा वर्षं असली खाती सांभाळते, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र एकरकमी ठेवीच्या मागं लागले होते, सहा महिने जिम, रोज एक तास. माझ्याकडं तास नाहीच. माझ्याकडं दहा मिनिटं आहेत, तीही सुट्टी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं सांगते. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, २०२० च्या शिफारशींत तीही काढून टाकली. तेव्हापासून मी सुट्टे धरते. मैदानावरची पाऊण पाऊण तासाची तीन संध्याकाळ, बँकेच्या कामाला गाडी न काढता चालत, कुकरच्या शिट्ट्या, मामांच्या बैठका. एखादा आठवडा नव्वदच भरतात. पिग्मीवालीसुद्धा पावसात येत नाही.

पावसाचं काढलंच आहे तर सांगते. जुलैत मैदानात तळं झालं, सराव बंद. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याची पातळी किती फुटांवर गेली याशिवाय घरात दुसरा विषय नाही, त्यात आखाड, त्यात भजी. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितल्यापासून पावसात आमच्या घराला भूकच जास्त लागते. दीड किलो परत आलं. जिन्यावर चढउतार करून बघितली, पण प्रत्येक वेळी खालच्या पायरीवर आत्ती विचारायच्या, "काय विसरलीस?" चार दिवसांनी सोडून दिलं.

परवा काट्यावर ७६.८ दिसलं. अडीच रव्यांवर अजून पावणेदोन किलो. तीन महिन्यांची साखर ५.८. ब्लाउजला आतून परत एक शिलाई मारली, टेलरनं दोनदा विचारलं, नक्की ना?

मामांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "खाशाबाचं वजन किती होतं म्हाईत हाय का?" मला माहीत नव्हतं. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकात खाशाबा जाधवांनी कुस्तीचं पदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकून पैसे उभे केले, ही गोष्ट इथं पोरासोरांना पाठ. ते खेळले ५७ किलोच्या गटात. मी गंमत म्हणून माझ्या उंचीला किती वजन चालतं ते काढलं. पाच फूट दोन इंचाला, आपल्याकडच्या मापानं, ५७ किलोच्या आत. मामा खूप वेळ हसले. म्हणाले, "मग धर कुस्ती."

रविवारी पहाटे मी रंकाळ्यावर जाते. पुरी फेरी मला तासाभराची होते. गेल्या रविवारी मामा म्हणाले, मलाबी घेऊन चल, गंगावेशीत दूध पिऊन येऊ. त्यांना गाडीवर मागं बसवलं, रंकाळ्याच्या कट्ट्यावर ठेवलं आणि मी चालायला लागले. संध्यामठाच्या पुढं पोटरीत गोळा आला. लंगडत मागं फिरले.

तिथून दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी उभ्या, समोर धार काढून देतात, वर फेस. मामांनी दोन गिलास सांगितले, बिनसाखरेचे.

"फेरी पुरी झाली?"

"नाही मामा, अर्धी."

त्यांनी माझ्या हातातला गिलास घेतला, त्यातलं निम्मं दूध आपल्या गिलासात ओतलं आणि उरलेलं मला परत दिलं. "मेहनत अर्धी, खुराक अर्धा."

"आणि तुमची मेहनत कुठाय?"

"माझी करून झालीया," मिशीवरचा फेस पुसत ते म्हणाले. "सत्तर सालीच."